न सुकणारी फुले

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन : एक बाजाराचे, दुसरे रेल्वेचे. मुंबईहून नागपूरकडे जाताना बडनेरा मागे पडले, की हे दुसरे चांदूर येते. वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात तिथे मोगराही मान टाकतो. पण एका स्नेह्याच्या अंगणात फुले टवटवीत होती. ती चक्क काचेची!

वहिनींनी सासूबाईंच्या जुन्या बशा नि वाट्या एकीवर एक चिकटवून पाकळ्या केल्या होत्या. देठ लोखंडी नळीचे. भोक पाडायचे तर हिराकणीच्या टोकाने, पाणी सोडत, सावकाश. नाहीतर काच तापून तडकते. चंडीगढला नेकचंदांनी फुटक्या बांगड्या-बशांतून अख्खी बाग उभारली, ती १९७६ साली लोकांना खुली झाली. वहिनींची बाग तीन फुलांची.

सहांतली एक वाटी फुटली, की उरलेल्या पाच पाहुण्यांपुढे जात नाहीत. वहिनी म्हणाल्या, “विकाले मन होत नाही, वापराले धीर होत नाही. मंग अंगणात तरी राहू द्या, भाऊजी!”

वाचकहो, जपणे म्हणजे कुलपात ठेवणे, असे आपण धरून चालतो. सासूबाईंची आठवण मात्र इथे उन्हात उभी आहे, आणि वाचलेले तांब्याभर पाणी तुळशीला जाते.