सुरतेत बांधलेली एक तीनचाकी

सुरत हे शहर मूळ वस्तूपेक्षा तिच्या सफाईवर अधिक जगते. हिऱ्याचे खडे परदेशांतून येतात आणि कतारगाम-वराछाच्या घंट्यांवर पैलू पडून पुढे जातात. लूमवरून उतरलेले कोरे कापड पांडेसऱ्याच्या गिरण्यांत रंगून, छापून साडी होते. जरीवाले चांदीची तार ओढून ओढून केसासारखी करतात व मग तिला सोन्याचे पाणी देतात. मराठी माणसाला सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. परंतु उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या खानदेशी कुटुंबांना सुरत म्हणजे ही कारागिरांची सुरत. तिचा एक अनुभव वाचकांस सांगावयाचा आहे.

आमचे भाऊजी तीस वर्षे सायकलने कामावर गेले. अर्धांगाचा सौम्य झटका आला, त्यातून ते बरेही झाले. पण तोल गेला तो गेलाच. दुचाकीवर बसणे संपले, आणि त्यासरशी सकाळची भाजी, मित्रमंडळी, देवळाचा फेरा, सारेच संपले. भाच्याने ठरविले की वडिलांसाठी पडून चालवावयाची तीनचाकी बांधावयाची. हिला रिकंबंट ट्राइक म्हणतात. पुढे दोन चाके, मागे एक. आरामखुर्चीत बसावे तशी पाठ टेकावयाची, पाय पुढे लांबवावयाचे आणि पायडल मारावयाचे. तोल सांभाळण्याचा प्रश्नच उरत नाही. भाऊजी आपल्या अहिराणीत एवढेच म्हणाले, "आते कसाले?"

ही कल्पना आजची नव्हे. फ्रान्समध्ये शार्ल मोशे याने आपल्या मुलासाठी पायडलची चारचाकी केली व पुढे तिच्यावरून पडून चालवावयाची दुचाकी काढली. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर याने तिच्यावर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर काटले आणि १९१४ पासून अबाधित असलेला विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने असल्या सायकली शर्यतींतून बाद केल्या! हरणाऱ्यांपेक्षा नियम करणाऱ्यांनाच अधिक झोंबले असावे.

आता बांधणीकडे वळू. दीड इंची चौरस पाइप, सोळा गेज. तो उधन्यात कोठेही मिळतो. पाइप कापण्यापूर्वी भाच्याने घराच्या फरशीवर खडूने गाडीचा पूर्ण आकाराचा आराखडा काढला. बहिणीने तीन दिवस त्यावरून पाय उचलून ये-जा केली. या आराखड्यात महत्त्वाची गोष्ट एकच. वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे, नाही तर टायर घासत जातो. त्यासाठी पुढच्या चाकांच्या खुंट्यांपासून वळणदांड्यांच्या टोकांवरून दोन दोऱ्या ताणावयाच्या. त्या मागच्या आसाच्या मध्यावर मिळाल्या की झाले. म्युनिकच्या लांकेनस्पर्गर नावाच्या गाडी बनविणाऱ्याची ही युक्ती. १८१८ मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट अ‍ॅकरमनने घेतले आणि नाव त्याचे राहिले.

पुढची चाके वीस इंची घ्यावी लागतात. वळणावर दुचाकी कलते, तीनचाकी कलत नाही. सगळा आडवा जोर आऱ्यांवर येतो, आणि मोठे चाक त्या जोराने वाकडे होते. शिवाय येथे चाकाला चिमटा नाही, आस एकाच बाजूने धरलेला. साधे छर्रे आणि कप तेथे टिकत नाहीत. म्हणून लेथवाल्याकडून नवी हब कातून घेतली व तीत बारा मिलिमीटर भोकाची बंद बेअरिंगे बसविली. लेथवाला गुजराती, त्याचा हाताखालचा माणूस ओडिया, आणि माप सांगणारा मराठी. तिघांची भाषा एकच: मिलिमीटर. चेन साध्या सायकलीच्या जवळजवळ तिप्पट लागते. तीन चेन जोडून एक करावी लागली, आणि मधे ती उचलून धरण्यासाठी दातेरी चाकी.

वेल्डिंग एका दिवसात उरकले. खरा वेळ गेला तो सफाईत, आणि येथेच सुरतेचा स्वभाव दिसला. भाच्याला वाटत होते, ब्रशने रंग फासला की काम झाले. पावडर कोटिंगच्या कारखान्यातील वयस्क कारागिराने सांगाडा हातात घेऊन उलटासुलटा केला, वेल्डवरून अंगठा फिरविला आणि तो परत दिला. "आ तो हजी काचुं छे," तो म्हणाला. सांधे घासून सपाट करून आणा. लांबी भराल तर ती भट्टीत टिकणार नाही. दोन्ही टोके बंद असलेल्या प्रत्येक पाइपाला खालून बारीक भोक पाडा. नाही तर टाकीतले आम्ल आत अडकेल आणि महिन्याभराने रंगाखालून गंज बनून बाहेर येईल. बेअरिंगच्या जागा आणि आटे झाकून द्या. तेथे पावडर बसली तर काहीच बसणार नाही. समुद्र येथून दूर नाही. उघडे लोखंड या हवेत एका रात्रीत तांबडे होते. घासण्यात दोन रविवार गेले. मग सात टाक्यांतून धुऊन, फॉस्फेटचा हात देऊन सांगाडा सुमारे दोनशे अंशांच्या भट्टीत गेला. रंग भाऊजींनी निवडला: त्यांच्या जुन्या सायकलीचा गर्द हिरवा. तोवर "कसाले" थांबले होते.

रस्त्यावर पहिला प्रश्न आला तो अपेक्षितच होता: "काका, अपंगनी सायकल छे?" हाताने फिरवावयाची तीनचाकी लोकांनी पाहिलेली, सरकारी योजनेतून ती वाटली जाते, आणि तीन चाके म्हटली की दया ठरलेली. भाऊजींना हा प्रश्न पहिल्या आठवड्यात बोचला. आता ते थांबून चेन कशी फिरते ते दाखवितात, आणि विचारणारा दयेचे विसरून गिअर मोजू लागतो.

सुरत सपाट आहे. चढ म्हणून काय ते पूल. बावीस किलोची गाडी रेल्वेवरच्या पुलावर चढविताना सर्वांत हलका गिअर लागतो, पण लाज वाटावयाचे कारण नाही, कारण मधेच थांबले तरी ती पडत नाही. हातब्रेक ओढून बसावयाचे. पाठीमागे सहा फूट उंच काठीवर भगवे निशाण लावले आहे, ते हौसेने नव्हे, ट्रकवाल्याला दिसावे म्हणून. रहदारीच्या वेळी ते निघतच नाहीत. सकाळी साडेपाचला निघतात आणि सातच्या आत भाजी घेऊन परततात. पावसाळ्यात मात्र गाडी घरीच. बैठक जमिनीपासून फूटभर उंच, आणि आमच्या गल्लीत पहिल्याच सरीला पाणी तेवढे चढते.