माहूरगडावरील उदारामांचे घर

किनवटहून माहूरकडे येणारा रस्ता सागवानाच्या रानातून डोंगर चढू लागतो. यात्रेकरूंची पावले प्रथम रेणुकामातेकडे वळतात, मग दत्तशिखराकडे आणि अनसूयामातेकडे. तांबुलाचा प्रसाद घेऊन मंडळी परततात. शेजारच्या डोंगरावरील रामगड बहुतेकांनी पाहिलेला असतो, तो दुरूनच.

या गडाला राजधानीचा नसला तरी ठाण्याचा मान मोठा होता. महमूद गवानाने बहमनी राज्याची घडी नव्याने बसविताना वऱ्हाडाचे दोन भाग केले. एकाचे ठाणे गाविलगड, दुसऱ्याचे माहूर. अकबराच्या काळी माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होते. पुढे निजामशाही सोडून मोगलांकडे आलेले उदाराम देशमुख यांचे घराणे येथे नांदले.

गडावरील राहत्या वास्तू आज ढासळलेल्या आहेत. दगड आणि चुन्याच्या भिंती, कमानी, तलाव आणि महाकालीचे मंदिर यांवरून वस्तीची कल्पना करावी लागते. त्या मानाने हत्ती दरवाजा अधिक बोलका आहे. पहाऱ्याच्या देवड्या म्हणजे या घराची ओसरीच. आलेल्या माणसाची पारख तेथेच व्हायची. बापाविरुद्ध बंड करून निघालेला शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, १६२३ साली बुऱ्हाणपूर सोडून माहुरास आला. येथून गोवळकोंड्याच्या मुलखाकडे जाताना त्याने आपले हत्ती आणि अवजड सामान उदारामांच्या हवाली केले. पळत्या शाहजाद्याची ठेव सांभाळणे म्हणजे बादशहाचा रोष ओढवून घेणे. पेढीवर ठेव ठेवून घेणाऱ्यांना त्यातील जोखीम वेगळी सांगावयास नको.

खरी कसोटी पुढच्या पिढीत लागली. उदारामांचे पुत्र जगजीवनराव गेले. मुलगा बाबूराव लहान. घरचा कर्ता गेल्यावर जहागीर भाऊबंदांच्या किंवा बादशहाच्या हाती जाण्यास किती वेळ लागतो? जगजीवनरावांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी ती वेळ येऊ दिली नाही. त्यांनी स्वतः फौज चालविली आणि औरंगजेबाकडून ‘रायबागन’, म्हणजे राजव्याघ्री, हा किताब मिळविला.

२ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखान उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडला, तेव्हा त्या त्याच्या फौजेत होत्या. अरुंद वाट, पाणी नाही, दोन्ही बाजूंनी मावळे. शरण जाण्याचा सल्ला खानास त्यांनीच दिला, असे कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त आहे. मोगल सैन्य सामानसुमान टाकून जिवंत परतले. तो सल्ला भित्रेपणाचा म्हणणारे म्हणोत. हिशेब मात्र अचूक होता.

या बाईंची ओळख उंबरखिंडीच्या लढाईमुळे महाराष्ट्रभर आहे. त्यांच्या गडावर मात्र शुकशुकाट असतो. रेणुकेचे दर्शन सकाळी लवकर उरकले, तर ऊन चढण्यापूर्वी हत्ती दरवाजा निवांत पाहून होतो. पिण्याचे पाणी मात्र बरोबर न्यावे.