पन्नास वर्षांची मोटार आणि पन्नास वर्षांचा माणूस

मागच्या हिवाळ्यात एका प्रशिक्षण शिबिरासाठी आम्ही चौघे जिवतीहून नागपूरला गेलो होतो. शिबिर संपले, दीक्षाभूमीवर वंदन झाले, परतीच्या गाडीला अजून बराच वेळ होता. तेवढ्यात जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरल्याचे कळले. आमच्यातला सर्वांत धाकटा गडचांदूरच्या एका गॅरेजात मिस्त्री आहे. तो म्हणाला, "दादा, जाऊ या ना. परत कधी बघायला भेटतील?" त्याच्यासाठी म्हणून गेलो.

मैदानात मोटारी ओळीने उभ्या होत्या. मॉरिस, ऑस्टिन, एक-दोन जुन्या अॅम्बेसेडर. पितळ घासून चकचकीत, चाकांच्या तारा एकेक करून पुसलेल्या. मालक मंडळी गोल टोप्या घालून, बायका-मुले गाडीला टेकून फोटो काढत होती. माइकवरचा गृहस्थ सारखे सांगत होता, हा आपला राजेशाही वारसा आहे, इंग्रजांच्या काळातली शान आहे.

खरे सांगायचे तर आमच्या डोक्यात लेख तिथेच तयार झाला होता. कोणाची शान? कोणाचे राजे? ज्या काळाची ही मंडळी आठवण काढत होती, त्या काळात आमच्या माणसाला मोटार सोडा, टांग्यात घेत नव्हते. १९२९ साली चाळीसगावात बाबासाहेबांना न्यायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. बॅरिस्टर असले म्हणून काय झाले, अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि महारवाड्यातल्याच एकाने हाकला. त्याला सवय नव्हती. वाटेत टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा इतिहास माइकवरून कोणी सांगणार नव्हते.

आम्ही असे धुमसत होतो आणि आमचा मिस्त्री एका मॉरिस मायनरच्या उघड्या बॉनेटसमोर उकिडवा बसला होता. पहिल्या मालिकेतली गाडी, ९१८ सीसीचे साइड व्हॉल्व्ह इंजिन. गाडी सुरू होती, पण मध्येच अडखळत होती. मालक म्हातारे गृहस्थ होते, स्वभावाने मोकळे. पोराने कान लावला आणि म्हणाला, "काका, कार्बोरेटरचा पिस्टन अडकतोय. तेल सुकलं असेल." काकांनी पाना त्याच्या हातात दिला. दहा मिनिटांत इंजिन एका तालात चालू लागले. काकांनी त्याच्या पाठीवर थाप दिली, चहा पाजला. मात्र थोड्या वेळाने माइकवरून गाड्यांची माहिती सांगितली, तेव्हा फक्त मालकांची नावे पुकारली गेली. हातात फडके घेऊन प्रत्येक गाडीच्या मागे उभ्या असलेल्या मिस्त्रीचे नाव एकदाही आले नाही. जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांचीच उतरंड लावते, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते. ती उतरंड त्या मैदानात हार-तुऱ्यांसह उभी होती.

परतताना गाडीत आम्ही पोराला हे सगळे ऐकवले. साहेबांच्या गाड्या बघून काय भुलतोस, वगैरे. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, तुमचं समदं बरोबर हाय. पण मला ते इंजिन आवडलं. यंत्राला जात नसते. जात माइकवाल्याच्या तोंडात होती, कार्बोरेटरमध्ये नव्हती."

आम्ही गप्प झालो, कारण पोरगा खरे बोलला होता. ज्या मॉरिसला तिथे राजेशाही म्हणत होते, ती इंग्लंडात सामान्य माणसाची गाडी होती. अॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने १९४८ साली ती मास्तर, कारकून, नर्स यांना परवडावी म्हणूनच घडवली. मॉरिस ऑक्सफर्डचाच साचा आणून १९५७ च्या सुमारास उत्तरपाड्याला अॅम्बेसेडर बनू लागली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. तिकडे शिक्षकाची असलेली गाडी इकडे आली की मंत्र्याची होते, वारसा होते, शान होते. गाडी तीच, तिला वर्ण आपल्या समाजाने दिला. म्हणून आमचे भांडण मोटारीशी नाही. बाबासाहेबांनी आम्हाला यंत्राचा द्वेष शिकवला नाही, यंत्रामुळे माणसाला फुरसत आणि माणूसपण मिळावे हे शिकवले.

मग भांडण कशाशी? पोराने त्याच प्रवासात सहज एक गोष्ट सांगितली. त्याच्या वडिलांची प्रवासी जीप होती. पहाडावर एस.टी.च्या फेऱ्या मोजक्या, त्यामुळे बाजाराला जाणारे, शाळेची पोरे, अडलेली बाळंतीण, सगळ्यांना तीच जीप. रात्री-अपरात्री हाक आली की वडील उठून जायचे. जीप पंधरा वर्षांची झाली. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या वाहनांची फी सरकारने कैक पटींनी वाढवली. खाजगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले, ट्रक-बसच्या फिटनेसची फी १२,५०० झाली. प्रवासी जीपचाही खर्च त्याच चढणीने चढला. त्यात दुरुस्ती आली. जीप भंगारात किलोने गेली.

त्याच सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर राज्याची समिती तपासते, २०,००० रुपयांत दहा वर्षांची नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' ही खास अक्षरे येतात. जपण्यासारखे जपावे, यात वाईट काही नाही. पण पंधरा वर्षे गरिबाची सेवा केलेली जीप भंगार, आणि पन्नास वर्षे गॅरेजात पुसून ठेवलेली मोटार वारसा. काय जुने झाले यावर हे ठरत नाही, कोणाचे जुने झाले यावर ठरते.

गाडी वणीजवळून चंद्रपूरकडे वळली आणि आमच्या मनात आणखी एक पन्नाशी उभी राहिली. ती आमच्या आई-बापांची.

जिवतीच्या पहाडावर आमची माणसे मराठवाड्यातून आली, बरीचशी १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे. बौद्ध, मातंग, बंजारा, इतरही. त्याआधीपासून तिथे कोलाम आणि गोंड होतेच. आम्ही त्यांच्या रानात आलो, हे आम्ही विसरू नये. आलेल्यांनी दगड वेचले, बांध घातले, विहिरी खोदल्या. आज त्या येण्याला पन्नास वर्षे उलटली. मोटार असती तर वारसा म्हणून नोंद झाली असती. माणूस आहे, म्हणून कित्येकांच्या जमिनीच्या कागदावर अजून 'वन' आणि कपाळावर 'अतिक्रमण'.

२००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. बिगर आदिवासींना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. या अटीमागे बाहेरच्या धनदांडग्यांना रोखण्याचा हेतू आहे, तो आम्हाला मान्य आहे. आदिवासींचा हक्क पातळ करून आम्हाला काही नको. पण दुष्काळाने हाकलले, गावकुसाबाहेर वाढले, त्या भूमिहीन दलिताने ७५ वर्षांचा पुरावा आणायचा कुठून? त्याच्या आजाच्या नावावर गावात जमीनच नव्हती, तर कागद असेल कसा? ज्याला पिढ्यान्पिढ्या कागदाबाहेर ठेवले त्याच्याकडेच कागद मागायचा, ही युक्ती जुनी आहे.

या पहाडाने ही युक्ती आधीही पाहिली आहे. राजुरा आणि जिवतीचा हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामासाठी इंग्लंडहून पिवळ्या रंगाची, आत सिंहासन असलेली रोल्स-रॉइस आली. ती आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे आणि तिच्या साऱ्या आयुष्यात ती जेमतेम साडेतीनशे मैल धावली असे सांगतात. त्याच राज्यात शेजारच्या डोंगरात गोंड-कोलामांना गुरे चारायला कर, झाड तोडले तर दंड, पेरलेल्या जमिनीवरून हुसकावणी. त्याविरुद्ध कुमराम भीम उठला आणि १९४० साली जोडेघाटात मारला गेला. राजवाड्यातल्या मोटारीची आजही धूळ पुसली जाते. इकडे रानातल्या माणसाला त्याची जमीन अजून त्याच्या नावावर हवी आहे.

म्हणून जिवतीच्या तरुणांना आमचे एक सांगणे आहे. त्या प्रदर्शनातल्या हौशी मंडळींकडून एक गोष्ट जरूर शिका. ते गाडीचा इंजिन नंबर, चासी नंबर, पहिल्या मालकाची पावती, जुना फोटो, सगळे जपून ठेवतात. म्हणूनच समितीपुढे त्यांची गाडी उभी राहू शकते. वनहक्काच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. विहीर, बांध, घर, दफनभूमीही पुरावा ठरतात. मग गावागावांत जाऊन आजी-आजोबांचे जबाब लिहून घ्या. विहीर कोणी, कोणत्या साली खोदली ते विचारा, फोटो काढा, तारखा घाला. कोलाम-गोंड वस्तीचे आधी करा, मग आपले, म्हणजे दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्यांची सोय होणार नाही. ७५ वर्षांच्या अटीविरुद्धचा लढा याच वहीच्या बळावर पुढे न्यायचा आहे. म्हातारी माणसे जाताहेत. त्यांच्याबरोबर आमचा पुरावाही जातो आहे.

आमच्या मिस्त्रीने गडचांदूरला स्वतःचे गॅरेज टाकायचे ठरवले आहे. पाटी कोणती लावायची असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, तुझे स्वतःचे नाव लाव, पूर्ण. माइकवर नाही तर पाटीवर तरी ते येऊ दे.

जयभीम.