ग्योरेमेची पहाट : बलून वर, आम्ही खाली

‘रुझगार वार,’ गेस्टहाऊसचा म्हातारा मालक हात हलवत म्हणाला.

पहाटेचे साडेपाच वाजले होते. स्वेटर, कानटोप्या, पायमोजे असा सगळा जामानिमा करून आम्ही चौघं दाराशी गाडीची वाट बघत होतो. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तुर्की भाषेचा एक शब्द येत नाही. पण त्या लगेच म्हणाल्या, ‘वारा आहे म्हणतोय तो.’

आणि ते अगदी बरोबर होतं! गंमत अशी, की तुर्कीत ‘रुझगार’ म्हणजे वारा आणि ‘वार’ म्हणजे ‘आहे’. आईंनी चुकीच्या शब्दावरून बरोबर अर्थ काढला होता. वारा आहे, म्हणजे आज बलून उडणार नाहीत. आम्ही गुपचूप खोलीत परतलो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियाला गेलो होतो, त्यातली ही पहिली पहाट. बडोद्याहून निघून, मुंबई आणि इस्तंबूल करत आम्ही इथवर पोचलो होतो. जिल्ह्याच्या गावाचं नाव नेवशेहिर. ‘नेव’ म्हणजे नवं आणि ‘शेहिर’ म्हणजे शहर! आमचा मुक्काम मात्र जवळच्या ग्योरेमे या छोट्या गावात होता. गेली कित्येक वर्षं माझ्या फोनच्या पडद्यावर याच गावाच्या आकाशाचा फोटो होता. सुळक्यांच्या दऱ्या आणि त्यांच्यावर तरंगणारे रंगीत बलून. सहलीचा सगळा बेत मी त्या फोटोसाठी आखला होता.

वारा ठरवतो

बलून उडणार की नाही, हे तिथे पायलटच्या किंवा कंपनीच्या मर्जीवर नसतं. नागरी विमान वाहतूक खात्याची माणसं रोज हवा तपासतात आणि निशाण देतात. हिरवं म्हणजे उडा, पिवळं म्हणजे थांबा, लाल म्हणजे आज रद्द. त्यापुढे कुणाचंही काही चालत नाही. आमच्या वाट्याला दोन दिवस ओळीने लाल निशाण आलं.

उड्डाणं पहाटेच का, याचंही कारण वाराच. रात्रभर जमीन गार झालेली असते, त्यामुळे सूर्योदयाच्या वेळी हवा सर्वांत शांत असते. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवेचे झोत उसळू लागतात आणि बलून सावरणं कठीण होतं. शिवाय बाहेरची हवा जितकी थंड, तितकी आतल्या गरम हवेची उचल जास्त.

त्या दोन दिवसांत आम्ही जमिनीवरचं कॅपाडोकिया पाहिलं, आणि ते काही कमी नाही. लाखो वर्षांपूर्वी एर्जियेस, हसन अशा ज्वालामुखींनी इथे राखेचे थरच्या थर पसरले. त्या राखेचा मऊ दगड झाला आणि वर कुठे कुठे कठीण खडकाचं आवरण राहिलं. पाऊस, वारा आणि बर्फ मऊ भाग झिजवत गेले. कठीण टोपी ज्याच्या डोक्यावर होती, तो सुळका तेवढा उभा राहिला. तुर्की लोक या सुळक्यांना ‘पऱ्यांची धुरांडी’ म्हणतात. दगड इतका मऊ, की माणसांनी त्यात घरं कोरली, चर्च कोरली, जमिनीखाली चक्क मजले काढले. देरिनकुयूचं भूमिगत शहर सुमारे 85 मीटर खोल जातं. कबुतरांच्या दरीत तर कड्यांमध्ये कबुतरांसाठी खुराडी कोरली आहेत. त्यांची विष्ठा द्राक्षमळ्यांना खत म्हणून घालत. 1985 पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

हे सगळं मी पाहत होते, पण दर तासाला फोनवर हवामानही बघत होते.

दोनच जागा

तिसरी पहाट ही आमची शेवटची. आदल्या संध्याकाळी कंपनीचा फोन आला. दोन दिवसांची माणसं साचली होती. आमच्या तीन जागांपैकी दोनच मिळणार होत्या.

तीनच जागा घेतल्या होत्या, कारण आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठच महिने झाले होते. बलूनच्या वेताच्या टोपलीत चढायला तिच्या कडेला असलेल्या खाचांत पाय रोवावे लागतात. उतरताना गुडघे वाकवून, दोरी धरून बसावं लागतं, कारण टोपली कधी कधी दणकन टेकते. गरोदर बायका आणि नुकतंच ऑपरेशन झालेली माणसं यांना घेत नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलांनाही सहसा नाही. आई खालून बघणार, हे घरीच ठरलं होतं.

‘तू आणि चिऊ जा,’ नवरा म्हणाला. आई म्हणाल्या, ‘तुम्ही तिघांनी काय ते ठरवा, मी खोलीत एकटी राहीन.’ पण अंधारात, थंडीत, परक्या गावात त्यांना टेकडीपर्यंत न्यायचं, गुडघ्याचा पट्टा बांधायचा, बाथरूमची सोय बघायची, हे सगळं माझ्या सवयीचं होतं. मी म्हटलं, ‘तुम्ही बापलेक जा.’ म्हटलं खरं, पण मनापासून म्हटलं नव्हतं. रात्री कूस बदलत पडले होते.

काळोखातले आकाशकंदील

पहाटे हिरवं निशाण आलं. गाडी दोघांना घेऊन गेली. लेकीच्या जॅकेटची चेन मी गळ्यापर्यंत ओढली, इतकंच.

गावालगत एक टेकडी आहे, तिथून सूर्योदय बघायला लोक जमतात. आम्ही टॅक्सीने जमेल तितकं वर गेलो आणि उरलेली वाट सावकाश चढलो. ऑक्टोबर संपत आला होता. ग्योरेमे समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे, त्यामुळे गारठा चांगलाच होता. आईंनी शालीवर शाल घेतली होती. गेस्टहाऊसवाल्याने थर्मासमध्ये चहा भरून दिला होता. तुर्कीतही चहाला ‘चाय’च म्हणतात, त्यामुळे मागायला अडचण येत नाही.

‘तुझी जागा माझ्यामुळे गेली,’ आई अचानक म्हणाल्या.

‘नाही हो आई, तसं काही नाही.’

‘खोटं बोलू नकोस. वाईट वाटलं तर वाटू दे.’

मी काही बोलले नाही. चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात खालच्या अंधारात एक मोठ्ठा आवाज झाला आणि एक बलून आतून पेटल्यासारखा उजळला. मग दुसरा, मग त्याच्या पलीकडे चौथा-पाचवा. कुठलाही एक विझला की दुसरीकडे उजेड. दरीभर कुणीतरी आकाशकंदील लावत सुटलं होतं. त्या वर्षीची आमची दिवाळी पहाट ही अशी झाली.

बलून फुगवण्याची तऱ्हा टेकडीवरून छान दिसते. आधी कापड जमिनीवर लांबलचक पसरतात आणि मोठ्या पंख्याने त्यात थंड हवा भरतात. मग आडव्या बलूनच्या तोंडातून प्रोपेन गॅसच्या ज्वाळा सोडतात. आतली हवा तापते, हलकी होते आणि तो प्रचंड फुगा हळूहळू उठून उभा राहतो, झोपलेलं माणूस कोपरावर टेकून उठावं तसा. तत्त्व जुनंच आहे. 1783 साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंनी याच गरम हवेवर आधी मेंढी, बदक आणि कोंबडा यांना वर पाठवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिसच्या आकाशात पहिल्यांदा माणसं मोकळी तरंगली.

बडोद्याच्या आमच्या गच्चीवर उत्तरायणाच्या रात्री पतंगाच्या दोरीला तुक्कल, म्हणजे कागदी कंदील, बांधून वर सोडतात. आईंना तेच आठवलं. ‘तुझे सासरे तुक्कल चढवायचे, तेव्हा फिरकी माझ्या हातात असायची,’ त्या म्हणाल्या. ‘पस्तीस-चाळीस वर्षं फिरकी धरली. पतंग एकदाही उडवला नाही.’

‘मग तुम्हाला कधी वाटलं नाही, आपणही उडवावा?’

‘वाटलं की. पण फिरकी धरणाऱ्याला पतंग नीट दिसतो. उडवणाऱ्याचं लक्ष दुसऱ्याच्या पतंगावर असतं, कोण कापतोय म्हणून.’

आपला कुठला?

साडेसहाच्या सुमारास बलून सुटले. बघता बघता शंभरावर झाले असतील. मजा म्हणजे, जमीन अजून निळसर अंधारात होती, पण उंच गेलेल्या बलूनना सूर्य आधी दिसला. वरचे गुलाबी-सोनेरी झाले आणि खालचे अजून काळपट. ऊन एकेक बलून धरत खाली उतरत होतं. पूर्वेला एर्जियेसच्या शिखराची कड उजळली. ज्वाळांचा फरफराट थांबला की इतकी शांतता, की जवळून जाणाऱ्या टोपलीतली बोलणी ऐकू येत. खाली गावातली कुत्री प्रत्येक बलूनवर इमानदारीने भुंकत होती.

नवऱ्याने मेसेज केला होता : पिवळा, मध्ये लाल पट्टा. मला तो सापडला. मी आईंना दाखवला. ‘तो बघा, आपला.’ टोपलीत ठिपक्यांएवढी माणसं होती. मी वेड्यासारखा हात हलवला.

मग तो बलून दरीत उतरला आणि एका कड्यामागे गेला. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. बाकीचे येत-जात होते, आमचा दिसेना. मला एकदम आठवलं, की इथेही पूर्वी अपघात झालेले आहेत. आदल्या रात्रीचा रुसवा कुठल्या कुठे गेला. पोटात गोळा आला. फोन लावला, तर लागेना.

‘आई, तो वर का येत नाहीये?’

आईंनी गावाकडे बोट केलं. एका घराच्या धुरांड्यातून धूर निघत होता. तो खाली एका बाजूला वाहत होता आणि थोडा वर गेला की दुसरीकडे वळत होता. ‘खाली वेगळा वारा आहे, वर वेगळा. तो पायलट खालच्या वाऱ्याला लागलाय. घाई नको करूस.’

नंतर मला कळलं, की बलून चालवण्याचं सगळं गमक हेच आहे. बलूनला सुकाणू नसतं. पायलटच्या हातात फक्त वर आणि खाली असतं. ज्वाळा दिली की वर, माथ्यावरची झडप उघडून गरम हवा सोडली की खाली. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो. हवा तो वारा शोधून त्यात शिरायचं. कॅपाडोकियाचे पायलट याचसाठी दऱ्यांमध्ये उतरतात आणि पुन्हा वर येतात.

काही वेळाने कड्याच्या पार दुसऱ्या टोकाला पिवळा घुमट वर आला. त्यावर लाल पट्टा होता. मी खाली दगडावर बसले. आईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या फोनने फोटो काढला.

उतरल्यावर

तासाभरात बलून एकेक करत उतरू लागले. जिथे वारा नेईल तिथे ट्रेलर जोडलेल्या गाड्या धावत होत्या आणि खालची माणसं टोपली धरून सरळ ट्रेलरवर बसवत होती. वर गेलेल्यांचा सगळा भरवसा या खालच्या माणसांवर असतो, हे मला तेव्हा दिसलं.

गेस्टहाऊसवर दोघं आली, गाल लाल, तोंड बंद होत नव्हतं. चिऊने शेकडो फोटो काढले होते. सगळे दुसऱ्यांच्या बलूनचे. ‘आमचा कसा दिसत होता गं?’ तिने विचारलं. टोपलीतून वर बघितलं की ज्वाळा आणि कापडाचा आतला भाग, बस. आपला बलून आपल्याला दिसतच नाही.

मी तिला सांगितलं : अंधारात कसा उजळला, ऊन कसं लागलं, कड्यामागे कसा गेला. घाबरले होते, तेही सांगितलं. वर जायला मिळालं असतं तर मला आवडलंच असतं, आजही आवडेल. पण ती गोष्ट तिला सांगायला कुणीतरी खाली असावं लागलं.

तुम्ही जाणार असाल तर

• हाताशी निदान तीन पहाटा ठेवा आणि बलूनचं बुकिंग पहिल्याच दिवसाचं करा. रद्द झालं तर पुढचे दिवस उरतात.
• एप्रिल ते जून आणि सप्टेंबर ते ऑक्टोबर हा काळ चांगला. हिवाळ्यात बर्फातलं दृश्य सुंदर, पण उड्डाणं जास्त रद्द होतात.
• खालून बघायचं असेल तर सूर्योदयाच्या तासभर आधी पोचा. फुगवतानाचा उजेड अंधारातच खुलतो.
• गच्ची असलेलं गेस्टहाऊस घेतलं, तर वयस्क माणसांना टेकडी चढावी लागत नाही.
• कानटोपी, हातमोजे, टॉर्च आणि गरम पेय बरोबर घ्या. टेकडीच्या कडेला कठडा नसतो, मुलांचा हात सोडू नका.
• वर जाणाऱ्याने आपल्या बलूनचा रंग खालच्यांना जरूर कळवावा.

आईंनी काढलेला फोटो थोडा हललेला आहे. त्यात मोजून सतरा बलून दिसतात आणि त्यातले तीन पिवळे आहेत. आमचा कुठला, यावर घरात अजून एकमत नाही. पाहुणे आले की आई फोन पुढे करतात आणि दर वेळी वेगळ्या पिवळ्यावर बोट ठेवतात.