हजेरीचे पदक

मुक्काम खामगाव, जि. बुलढाणा

चिरंजीव बाळास,


पत्र पावले. आजोबांना पोलीस खात्यात मिळालेले १९७२चे पदक ‘केवळ नोकरीत हजर होते म्हणून’ मिळालेले, तेव्हा ते संग्रहात ठेवावे काय, असे तू विचारतोस. माझे मत असे, की तुझ्या संग्रहाचा आरंभच त्यापासून व्हावा.

१९११च्या दिल्ली दरबाराचे पदक मी पाहिले आहे. एका अंगावर गुलाबपुष्पांच्या वेष्टणात राजाराणीची मुखे, दुसऱ्यावर फारसी लेख. सोन्याचे संस्थानिकांस व बड्या अंमलदारांस, रुप्याचे इतरांस, म्हणजे सरकारमर्जीची पायरी धातूवरूनच कळावी. १९४७च्या स्वातंत्र्यपदकावर अशोकचक्र आले खरे, परंतु त्याच्या माथ्यावर मुकुट आणि भोवती सहाव्या जॉर्जचे नाव, तर पाठीवर सारनाथचे सिंह. सत्तांतराचा तो विलक्षण संधिकाल इतक्या थोड्या जागेत मला अन्य कोणत्याही दप्तरात आढळलेला नाही.

स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक मात्र, १५ ऑगस्ट १९७२ रोजी सैन्यात वा पोलिसांत जो सेवेत होता त्यास, शिपाई असो की साहेब, एकसारखेच मिळाले. त्यात चांदी नाही, पराक्रमाचा दाखलाही नाही. पण ते साल आठव. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता. खडी फोडण्यास आणि पाझर तलावांच्या मातीकामास लाखो माणसे हजेरीपटावर नाव लावून उभी होती. त्यांच्या हजेरीची खूण कोणत्याही घरात उरली नाही. शिपायाच्या घरात ती पदकरूपाने उरली, आणि म्हणूनच केवळ हजर असण्याच्या या मानाला मी शौर्यपदकाच्या खालोखाल मानतो.

आपले खामगाव चांदीच्या शुद्धतेबद्दल नावाजलेले. येथल्या सराफ्यात दरबारी रुपे कितीदा मुशीत गेले असेल, ते देव जाणे. तुझ्या पदकास ते भय नाही, भय आहे ते विस्मृतीचे. यास्तव त्यास चिंच वा पितांबरी लावू नकोस, मूळ फीत विटकी असली तरी बदलू नकोस, कडेवर नाव कोरलेले असल्यास भिंगाने वाचून वहीत उतरव. आजोबांचा बक्कल नंबर आणि ठाण्याचे नाव पेन्शनच्या कागदांत सापडेल. ते शोधून उलट टपाली कळव, म्हणजे ठाण्यातील जुन्या नोंदींची चौकशी मी स्वतः जाऊन करीन.

तुझा,
मामा