निकाल मे महिन्यातच लागतो

अमेरिकेतली निवडणूक म्हटलं की आपल्याला नोव्हेंबरच आठवतो. ते लाल-निळे नकाशे, रात्रभर चालणारी मतमोजणी वगैरे. पण तिथल्या कितीतरी जागांचा निकाल त्याआधी काही महिने, प्रायमरीतच लागून गेलेला असतो. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण, हे मतदारांनीच ठरवायचं. आपल्याकडे तिकीट 'वरून' येतं, तिथे लोक देतात. ऐकायला किती छान ना!

पण लोक म्हणजे नक्की कोण?

माझी मामेबहीण फिलाडेल्फियात असते. नागरिकत्व मिळालं तेव्हा मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्षाचा रकाना होता. ताईने 'कुठलाच नाही' वर खूण केली. नोकरी, मुलं, शाळा यात कुठे कुणाचा झेंडा धरायचा? २०२३ च्या मे महिन्यात महापौरपदाची प्रायमरी आली आणि तिला नियम कळला. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी 'बंद' असते. ज्या पक्षात नोंदणी, त्याच पक्षाचा उमेदवार निवडायचा. पक्ष नाही, तर महापौरासाठी मतही नाही.

मग नोव्हेंबरात द्या की मत, असं कुणीही म्हणेल. पण या शहरात १९५२ पासून सगळे महापौर डेमोक्रॅट आहेत. त्या पक्षाची प्रायमरी जिंकली की विषय संपला. त्या वर्षी शेरेल पार्कर ती जिंकल्या, सुमारे ३३ टक्के मतांवर. प्रायमरीचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. म्हणजे ताईचा टॅक्स चालतो, मत चालत नाही!

गंमत म्हणजे प्रायमरी हीच मुळात एक सुधारणा होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बंद खोलीत उमेदवार ठरवणाऱ्या पुढाऱ्यांच्या हातून ही सत्ता काढून घ्यायला विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट ला फॉलेट यांच्यासारख्यांनी तिच्यासाठी जोर लावला. जुना बग गेला, नवा आला.

मग दार सगळ्यांना उघडलं की झालं? तेवढ्याने भागत नाही. व्हर्जिनियात पक्षाची नोंदणीच नसते, कुणीही प्रायमरीत मत देऊ शकतो. तरी २०१४ च्या जूनमध्ये एरिक कँटर, हाउसमधले बहुमताचे नेते, आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत हरले. मतं पडली जेमतेम ६५ हजार. नोव्हेंबरात त्याच मतदारसंघात सुमारे २ लाख ४० हजार पडली. आता सांगा, निवडून आलेला माणूस कुणाला घाबरेल? नोव्हेंबरच्या गर्दीला, की जूनच्या मूठभरांना? समोरच्या पक्षाशी तडजोड केली की पुढच्या वेळी आपल्याच घरातून कुणीतरी उभं राहतं.

कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कौल घेऊन नवी पद्धत आणली. सगळे उमेदवार एकाच यादीत, पहिले दोन नोव्हेंबरात, पक्ष कुठलाही असो. २०१२ मध्ये ३१ व्या मतदारसंघात चार डेमोक्रॅट उभे राहिले, मतं फुटली आणि नोव्हेंबरात उरले दोन्ही रिपब्लिकन. त्याच मतदारसंघात ओबामांना ५७ टक्के मतं मिळाली!

अलास्काने २०२० मध्ये यावर तोड काढली. प्रायमरीतून दोन नाही, चार जण पुढे. नोव्हेंबरात मतदार त्यांना पसंतीक्रम देतात. ट्रम्प यांना दोषी ठरवायला मत देणाऱ्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की २०२२ मध्ये अशाच टिकल्या, कारण विरोधी पक्षाच्या बऱ्याच मतदारांची दुसरी पसंती त्यांना मिळाली. पण ही पद्धतही सर्वांना पटलेली नाही. २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा प्रस्ताव हजाराहून कमी मतांनी पडला, आणि त्याच दिवशी कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडात अशाच सुधारणा लोकांनी नाकारल्या. पसंतीक्रम किचकट वाटतो, हे कारण अगदीच खोटं नाही. पक्षवाल्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे: आमचा उमेदवार बाहेरच्यांनी का ठरवावा?

बरोबर आहे. मग पक्षाने तो स्वतःच्या खर्चाने, हवा तसा ठरवावा. सरकारी पैशाने भरवलेल्या आणि खरा निकाल लावणाऱ्या निवडणुकीत मात्र सगळ्यांना मत हवं. काँग्रेसने २०१४ मध्ये आपल्याकडे मोजक्या जागांवर प्रायमरी घेऊन पाहिली, त्यात वर्धा होतं. पदाधिकाऱ्यांनी निवडला तो तेव्हाच्या खासदारांचा मुलगा. नाव प्रायमरी, मतदार घरचेच :)

कुठलीही नवी योजना आली की मी एवढंच बघतो: खरा निर्णय ज्या दिवशी होतो, त्या दिवशी किती जणांना मत देता येतं? अलास्कात सगळ्यांना येतं. फिलाडेल्फियात ताईला येत नाही.