फक्त बाहेरून

इंग्रजीतली काही विशेषणं आपल्याकडे पाहुणी म्हणून आली आणि घरजावई होऊन राहिली. 'एक्स्टर्नल' हे त्यांतलं एक. ज्यांना इंग्रजी येत नाही तेही हा शब्द वापरतात, आणि बिनचूक वापरतात. आमच्या आगाशीत बारावीचा मुलगा प्रॅक्टिकल देऊन घरी आला की आई पहिला प्रश्न विचारते, "एक्स्टर्नल कसे होते रे?" व्याकरणात हे विशेषण असेल, पण या एक्स्टर्नलना चष्मा असतो, ढेरी असते, त्यांना मधूनमधून चहा लागतो आणि ते जर्नलात नसलेलं नेमकं विचारतात. विशेषणाचं नाम होऊन त्याला आदरार्थी बहुवचन लागल्याचं भाग्य इंग्लंडातही त्या शब्दाच्या वाट्याला आलं नसेल.

मी पडलो बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. शब्दांशी माझा अधिकृत संबंध चेकवरची अक्षरी रक्कम तपासण्यापुरता. तरी हा शब्द माझी पाठ सोडत नाही, कारण माझी आणि त्याची ओळख जुनी आहे, मलमाच्या डबीपासूनची. अंगाला लावायच्या औषधावर 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' असं छापायलाच लागतं, तसा १९४५ सालच्या औषधांच्या नियमांत दंडकच आहे. म्हणजे फक्त बाहेरून लावा, पोटात घेऊ नका. फार शहाणी सूचना आहे. नातेवाईक जे सल्ले देतात त्यांच्यावरही ती छापून मिळाली असती तर कितीतरी घरं सुखात राहिली असती.

शब्दाचं मूळ लॅटिन. बाहेरचा तो 'एक्स्टर्नस'. याच घराण्यातला 'एक्स्ट्रा' आपल्याला हॉटेलात भेटतो, पावाची जादा लादी मागताना. आणि 'स्ट्रेंज', म्हणजे विचित्र, हाही यांचाच भाऊबंद! जो बाहेरचा तो विचित्र, असं त्या लोकांनी परस्पर ठरवूनच टाकलं. आपणही काही कमी नाही म्हणा. 'बहिष्कार' हा भारदस्त शब्द फोडून बघा, आत 'बाहेर करणे' एवढंच निघतं.

हाच शब्द दिल्लीला गेला की त्याचा रुबाब वाढतो. तिथे 'एक्स्टर्नल अफेअर्स' नावाचं अख्खं मंत्रालय आहे. मराठीत कुणा सुज्ञ माणसाने त्याला 'परराष्ट्र मंत्रालय' म्हटलं हे आपलं नशीब. कुणी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता तर 'बाहेरच्या भानगडींचं खातं' झालं असतं आणि मंत्रिमहोदयांना घरी तोंड दाखवायची पंचाईत झाली असती. कारण मराठीतलं 'बाहेर' हे इंग्रजीइतकं सरळ नाही. बाहेरचं खाणं वेगळं, बाहेरची बाधा वेगळी, आणि बाहेरख्याली माणूस तर बाहेरगावी न जाताही बाहेरख्याली असू शकतो. इंग्रजांची भिंत एकदा बांधली की जागची हलत नाही. कातडीच्या आत ते इंटर्नल, बाहेर ते एक्स्टर्नल. आपली भिंत कुठे, हे मात्र घरातलं वडीलधारं माणूस त्या त्या वेळी ठरवतं.

उपासाचंच घ्या. एकादशीला घरचा भात चालत नाही, पोळी चालत नाही. काय चालतं? बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, साबुदाणा. आता बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि मिरची हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंददेखील तिकडचाच. गेल्या चार-पाचशे वर्षांत ही मंडळी इकडे आली. म्हणजे विठोबासाठी आपण घरचं सगळं वर्ज्य करतो आणि साता समुद्रांपलीकडचं पोटभर खातो. त्याच दिवशी नाक्यावरचा वडा मात्र 'बाहेरचा', म्हणून बाद!

बाकी आत-बाहेरच्या बाबतीत आम्हा आगाशीकरांना कुणी शिकवायला नको. आमच्या गावाच्याच नावाचा एक शब्द जुन्या मराठीत आहे: आगाशी, म्हणजे घराची उघडी गच्ची. घरातली खरी, पण छपराबाहेरची. आम्ही तसेच. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावं आत घ्यायची की बाहेर ठेवायची यावर मोर्चे निघाले, प्रकरण कोर्टात गेलं. त्या धामधुमीत १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि आम्ही अंथरुणातून न उठता ठाणे जिल्ह्याच्या बाहेर पडलो. माझ्या ओळखीचे एक आजोबा अजून पत्त्यात 'जिल्हा ठाणे' लिहितात. पत्रं पोचतात.

बँकेत हा शब्द मला रोज भेटतो. परदेशी गेलेल्यांची खाती दोन तऱ्हेची. एक एनआरई, म्हणजे 'नॉन-रेसिडेंट एक्स्टर्नल'. ही योजना १९७० पासूनची. दुसरं एनआरओ, त्यातला ओ 'ऑर्डिनरी'चा. बाहेरची कमाई एक्स्टर्नलमध्ये, इथलं भाडंबिडं ऑर्डिनरीत. एक्स्टर्नलच्या व्याजावर कर नाही, ऑर्डिनरीच्या व्याजावर कर कापला जातो. हे मी एकदा काउंटरवर एका काकांना समजावून सांगत होतो. मुलगा आखातात, इथली वाडी काका बघतात. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पोराची दुबईची कमाई एक्स्टर्नल?"

"हो."

"आणि वाडीतल्या केळ्यांचे पैसे ऑर्डिनरी?"

"हो काका."

"आणि कर कापणार तो केळ्यांच्या पैशांच्या व्याजावर?"

"हो."

"मग केळीच दुबईला पाठवतो!"

जाताना दारातून परत आले आणि हळूच म्हणाले, "तो कायमचा इकडे आला तर?" मी म्हटलं, मग खातं साधं रेसिडेंट करायचं, त्याचा अर्ज असतो. "असू दे तुमच्याकडे," म्हणाले. तो अर्ज त्यांच्यासाठी बाहेर काढायची वेळ अजून आलेली नाही.

पण 'एक्स्टर्नल' या शब्दाबद्दल मला जी आपुलकी आहे ती बँकेमुळे नाही, आईमुळे आहे. आई मॅट्रिक होऊन लग्न करून आमच्या घरात आली आणि बऱ्याच वर्षांनी तिने बाहेरून बी.ए.ला बसायचं ठरवलं. कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठात बायकांना घरी अभ्यास करून परीक्षा देता येई. विद्यापीठाच्या भाषेत याला 'बहिःस्थ' म्हणतात. पण घरी अभ्यास करायला घरात वेळ तर हवा! पहाटेच्या पाण्यापासून रात्रीच्या विरजणापर्यंत सगळं तिच्याच अंगावर.

तिला वेळ मिळाला तो दुसऱ्या 'बाहेर'मुळे. आमच्याकडे तेव्हा महिन्याचे तीन दिवस बाहेर बसायची रीत होती. मागच्या पडवीत वेगळी चटई, वेगळा तांब्या, वेगळं ताट. मला सांगत, "आईला कावळा शिवलाय." मी तो कावळा फार शोधला. रीत काही चांगली नव्हती. लग्नानंतर पहिल्या वेळी आई त्या पडवीत रडली होती, असं मावशी सांगते. पण त्या तीन दिवसांत तिला कुणी हाक मारत नसे. चूल नाही, पाणी नाही, देव नाहीत. तिने पुस्तकं पडवीत नेली. पुस्तकांना विटाळ होतो का, असा प्रश्न निघाला. आजीने निवाडा दिला, "पोथीला होतो. इतिहासाला होत नाही."

आत-बाहेर दळणवळण माझ्याकडे होतं. लहान मुलाने अंगावरचे कपडे काढले की शिवलेलं चालतं, असा शास्त्रार्थ होता. त्यामुळे घरात राहिलेली वही पडवीत पोचवायची झाली की मी दारात चड्डी उतरवून सीमा ओलांडत असे. पाच वर्षांचा होतो, लाज नव्हती, उलट हुद्दा मिळाल्यासारखं वाटे.

१९८६ साली शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली आणि कावळ्याच्या फेऱ्या वाढल्या. एका महिन्यात तो दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी तर पाच दिवस मुक्काम. आजीने नव्वारीचा पदर खोचून चूल हातात घेतली, गुडघे दुखत असताना सगळ्यांचा स्वयंपाक केला. पडवीच्या दारातून आईचं ताट सरकवताना एवढंच म्हणाली, "या कावळ्याला परीक्षेचं वेळापत्रक बरं कळतं." आईने पुस्तकातून मान वर केली नाही.

आई सेकंड क्लासमध्ये पास झाली. आजीने वाडीतल्या राजेळीची घरी वाळवलेली सुकेळी केळीच्या सोपटात बांधून आळीत वाटली. शेजारच्या काकूंनी सुकेळं तोंडात टाकून विचारलं, "पण बाहेरूनच झाली ना बी.ए.?"

"बाहेरूनच," आजी म्हणाली. "आमच्या मागच्या पडवीतून."